वाझू-लॉगटेस्ट: नियम गप्प का, ते दाखवणारं टूल

वाझू हे कॉम्प्युटरवरच्या नोंदी (लॉग) नियमांशी ताडून धोक्याचा इशारा (अलर्ट) देणारं सुरक्षा टूल. त्यात अलर्ट आला नाही की सगळे आधी एजंटवर, म्हणजे लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर, संशय घेतात. मी वाझू-लॉगटेस्ट उघडते. लॉगची ओळ पेस्ट केली की तीन टप्पे दिसतात: प्री-डिकोडिंग (वेळ, होस्टचं नाव अशी वरवरची माहिती वेगळी काढणं), डिकोडिंग (आतली माहिती वेगळी काढणं) आणि नियम (जुळणारा नियम शोधणं). परवा एसएसएचचा (दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचा) नवा नियम व्यवस्थित जुळत होता, पण 'अलर्ट टू बी जनरेटेड' ही शेवटची ओळच नव्हती. नियमाची लेव्हल (गांभीर्याचा आकडा) होती 2, आणि डिफॉल्ट सेटिंगमध्ये 3 च्या खालच्या नियमाचा अलर्ट उठतच नाही. पाच मिनिटांत उलगडा! ओपन सोर्स टूलमध्ये एवढं मिळतं, याचं मला खरंच कौतुक आहे. विंडोज इव्हेंटचॅनलचे (विंडोजच्या स्वतःच्या घडामोडींच्या नोंदींचे) लॉग मात्र सरळ पेस्ट करून तपासता येत नाहीत, हे खटकतं. आणि हो, लॉगटेस्टमध्ये नियम चालला तरी मॅनेजर (वाझूचा नियम चालवणारा मुख्य भाग) रीस्टार्ट करायला विसरू नका.