श्मिट-रोटलुफच्या ख्रिस्ताचं प्रिंट घेतलं, त्याबद्दल

जर्मन चित्रकार कार्ल श्मिट-रोटलुफचं १९१८ चं वुडकट (लाकडात कोरून कागदावर छापलेलं चित्र), ख्रिस्ताचा चेहरा, त्याचं पोस्टर ऑनलाइन मागवलं होतं, काल आलं. मूळ चित्र नऊ वुडकट्सच्या संचातलं आहे, प्रकाशक कुर्ट वोल्फने काढलेल्या, आणि श्मिट-रोटलुफ तेव्हा पहिल्या महायुद्धात पूर्वेच्या आघाडीवर राहून आलेला, हे माहीत असलं की चित्र जास्तच अंगावर येतं.

कपाळावर थेट १९१८ कोरलंय! एक डोळा उघडा, दुसरा मिटलेला, सुजल्यासारखा, नाक म्हणजे एक लांब सरळ कापच, आणि खाली जर्मनमध्ये ओळ, "तुम्हाला ख्रिस्त दिसला नाही का" अशा अर्थाची. ही अक्षरं लाकडात उलटी कोरावी लागतात, तेव्हा छापल्यावर सुलटी येतात, आणि एकदा पटाशी जास्त चालली की गेलं, परत भरता येत नाही, म्हणून त्या ओबडधोबड रेघांमागे केवढी खात्री असेल बघा. चर्चमधला गोरागोमटा शांत येशू यात कुठेच नाही, हा मार खाऊन आलेला माणूस आहे, मला तरी हाच खरा वाटतो.

आता प्रिंटचं. कागद जाड आहे, मॅट आहे, मस्त. पण काळा रंग काळा नाहीये हो, राखाडी पडलाय, आणि वुडकटमध्ये सगळा जीव काळ्या-पांढऱ्यातच असतो! दुकानदाराला फोटो पाठवलेत, बदलून देतो म्हणालाय. पॅकिंग चांगलं. आत्ता तीन स्टार, काळा नीट आला तर पाच करेन.