आधी मान्यता की आधी हिशेब? बांगलादेशाबाबत दोन देशांचे दोन मार्ग

६ डिसेंबर १९७१. ढाका अजून पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात होतं, तरी इंदिरा गांधींनी संसदेत बांगलादेशाला मान्यता जाहीर केली. भूताननंही त्याच दिवशी दिली. मार्च १९७२मध्ये भारतीय सैन्य परतलं आणि लगेच पंचवीस वर्षांचा मैत्री करार झाला. माझ्या मते मान्यतेइतकंच मोलाचं होतं ते सैन्याचं परतणं, कारण नव्या देशाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती सोडवायला आलेला तिथेच ठाण मांडेल याची.

पाकिस्ताननं दुसरा मार्ग धरला. युद्धकैदी आणि त्यांच्यावरचे खटले यांवर घासाघीस करत त्यानं मान्यता २२ फेब्रुवारी १९७४पर्यंत, लाहोरच्या इस्लामी परिषदेपर्यंत, लांबवली. चीननं तर १९७२मध्ये नकाराधिकार वापरून बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेशच अडवला. तो मिळाला सप्टेंबर १९७४मध्ये. लाखो निर्वासित नुकते घरी परतलेल्या देशाला असं दाराबाहेर ताटकळत ठेवणं मला आजही क्रूर वाटतं.

पण आधी मान्यता दिली म्हणून पुढचं सोपं झालं नाही. १९७४चा भारत-बांगलादेश सीमाकरार अमलात यायला २०१५ उजाडलं.