झणझणीत बीफ-भाजी स्टर फ्राय: रसदार करायचं की कोरडं?

बीफ आणि भाज्यांचं तिखट स्टर फ्राय घरी करायचं म्हटलं की चर्चा वोक (खोलगट चिनी कढई) कोणता घ्यावा इथून सुरू होते. भांड्याचा प्रश्न आहेच, पण दुसऱ्या नंबरचा. आधी ठरवायचं ते हे की मांसातलं पाणी आत राखायचं की बाहेर काढून आटवायचं. दक्षिण चीनमधल्या कँटोनीज पद्धतीत, म्हणजे रसदार पद्धतीत, पातळ कापांना कॉर्नफ्लोअर चोळतात, मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटांत परततात आणि शेवटी दाटसर सॉसमध्ये घोळवतात. मांस लुसलुशीत राहतं. चीनच्याच सिचुआन प्रांताच्या कोरड्या पद्धतीत मांसाच्या काड्या पाणी पार आटेपर्यंत तेलात परतत राहतात. मांस गडद होतं, कडा कुरकुरीत होतात, आत चावायला चिवटपणा येतो आणि मसाला कोरडाच त्याला धरून बसतो. बिघडतं ते बहुधा या दोन्हींच्या मधे अडकल्यामुळे. ना लुसलुशीत ना कुरकुरीत, आपल्याच पाण्यात शिजलेलं राखाडी मांस हा त्याचा ठरलेला नमुना.

पुढची प्रमाणं 400 ग्रॅम मांस आणि 300 ग्रॅम भाज्या धरून दिली आहेत, तीन-चार जणांना पुरतील अशी. मोठा चमचा 15 मिलीचा, छोटा 5 मिलीचा.

आधी आपली आच पाहा

घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण 3 ते 4 किलोवॅट उष्णता देतो. हॉटेलातल्या वोकखालची भट्टी 25-30 किलोवॅटची सहज असते. हा फरक कोणत्याही भांड्याने भरून निघत नाही. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा वास यायला त्याचा पृष्ठभाग 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जावा लागतो. पाणी 100 अंशांनाच उकळतं. भांड्याच्या तळाशी पाणी आहे तोवर सगळी आच त्याची वाफ करण्यात खर्च होते आणि मांसाचा रंग बदलतो तो फक्त लालवरून राखाडी.

रसदार पद्धतीचं यश म्हणूनच एका वेळी किती मांस टाकता यावर आहे. घरच्या बर्नरवर 200 ग्रॅमच्या वर जाऊ नका, म्हणजे 400 ग्रॅमचे दोन घाणे. कोरड्या पद्धतीत मात्र पाणी सुटणं हा कृतीचाच भाग आहे. सगळं मांस एकदम टाकलं तरी चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. आच बेताची असेल किंवा साधी इलेक्ट्रिक कॉइल असेल तर आमचा कौल सरळ कोरड्या पद्धतीला. गंमत म्हणजे बहुतेक पाककृती नवशिक्याला नेमकी रसदार पद्धतच आधी शिकवतात, आणि दोन्हींत चुकीला कमी जागा तिच्यातच आहे.

कोणतं मांस कशाला

पोटाकडचा फ्लँक दोन्हींना चालतो. त्याचे तंतू लांब आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारे असतात, त्यामुळे सुरी कुठून चालवायची ते चुकत नाही. सरलॉइन आणि रम्प रसदार पद्धतीला उत्तम. पुठ्ठ्याचा राउंड हा भाग चरबी कमी असलेला आणि थोडा कोरडा असतो. रसदार पद्धतीत त्याला सोड्याची मदत लागते, कोरड्या पद्धतीत तो जसाच्या तसा शोभतो. टेंडरलॉइन दोन्हीकडे वाया जातो, कारण मऊपणा इथे कापण्यातून आणि मुरवण्यातून मिळतोच.

नडगीचं किंवा शिरांनी भरलेलं मांस मात्र कोणत्याच पद्धतीत घेऊ नका. त्यातलं कोलॅजन विरघळायला तास-दोन तास मंद शिजवावं लागतं. दहा-बारा मिनिटं परतून ते रबरासारखं आक्रसतं, एवढंच.

कापण्यापूर्वी मांस 30 ते 40 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेरून घट्ट आणि आत नरम झालं की सुरी घसरत नाही. रसदारसाठी तंतूंना आडवे, 3 मिलिमीटर जाडीचे काप करा. कापाच्या पृष्ठभागावर लांब रेघा दिसत असतील तर आपण तंतूंच्या दिशेने कापतो आहोत, मांस 90 अंशांत फिरवा. कोरड्यासाठी 5 मिलिमीटर जाड आणि बोटभर लांब काड्या हव्यात. इथे सुरी अगदी आडवी न चालवता थोडी तिरकी धरलेली बरी. पूर्ण आडव्या कापलेल्या बारीक काड्यांचा इतक्या वेळ परतल्यावर चुरा होतो.

रसदार: मुरवणं आणि घाणे

कापांवर आधी 1 मोठा चमचा सोया सॉस आणि 2 मोठे चमचे पाणी घालून हाताने चोळत राहा. मिनिटभरात भांड्याच्या तळाशी साचलेलं पाणी दिसेनासं होतं, काप किंचित फुगतात आणि बोटांना चिकट लागतात. त्यानंतरच 2 छोटे चमचे कॉर्नफ्लोअर आणि शेवटी 1 मोठा चमचा तेल. हा क्रम बदलू नका. तेल आधी गेलं तर पाणी आत शिरत नाही. तेलाचं काम काप एकमेकांपासून सुटे ठेवण्याचं आहे. 20 ते 30 मिनिटं मुरू द्या.

मांस राउंडसारखं असेल तर सुरुवातीलाच पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळा. सोड्याने पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, तापल्यावर प्रथिनं एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि पाणी कमी पिळलं जातं. पंधरा मिनिटांनी काप धुवा, कागदाने खरोखर कोरडे करा आणि मग सोया सॉसपासून सुरुवात करा. सोडा जास्त झाला किंवा तासभर राहिला तर साबणासारखी चव येते आणि मांस पिठूळ लागतं. सरलॉइनला सोड्याची गरज नाही. केवळ सवयीपोटी घालू नका.

भांडं कडकडीत तापवून 1 मोठा चमचा तेल घाला. तेलावर धुराची पहिली रेघ दिसली की निम्मं मांस एका थरात पसरा आणि 45 सेकंद हात लावू नका. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. लगेच हलवलं की कॉर्नफ्लोअरचा थर तळाला चिकटून सोलून येतो आणि पुढच्या घाण्यात तोच जळतो. खालची बाजू तांबूस झाल्यावर उलटून आणखी 30 सेकंद, आणि मधे थोडा गुलाबीपणा असतानाच काढून घ्या. उरलेलं शिजणं सॉसमध्ये होतं. दुसऱ्या घाण्याआधी भांडं पुन्हा पूर्ण तापू द्या.

सॉस आधीच वाटीत तयार हवा: सोया सॉस दीड मोठा चमचा, ऑयस्टर सॉस 1 मोठा चमचा, साखर 1 छोटा चमचा, व्हिनेगर 1 छोटा चमचा, पाणी किंवा स्टॉक 4 मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर 1 छोटा चमचा. ओतण्याआधी पुन्हा ढवळायचा. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, आणि तसाच ओतला तर आधी पाणी पडतं, मागून गोळा. भाज्या परतून झाल्या की मांस परत टाका, सॉस कडेने सोडा आणि उकळी फुटून चकाकी येईपर्यंत, 20-30 सेकंद, हलवा. उकळी न येताच उतरवलं तर पिठाची कच्ची चव राहते.

कोरडं: पाणी आटेपर्यंत

इथे मुरवण नाही, कॉर्नफ्लोअर तर नाहीच. मांस कागदाने टिपून घ्या. 4 मोठे चमचे तेल तापवून सगळ्या काड्या टाका आणि आच मध्यमपेक्षा थोडी जास्त ठेवा. दोन-तीन मिनिटांत पाणी सुटेल, तेल गढूळ होईल आणि तडतडीच्या जागी रटरट ऐकू येईल. घाबरून आच वाढवायची नाही आणि पाणी ओतूनही टाकायचं नाही, चव त्यातच आहे. सात-आठ मिनिटांनी रटरट थांबते, गढूळ तेल पुन्हा नितळ होतं आणि तडतड परत सुरू होते. पाणी संपल्याची खूण हीच, घड्याळापेक्षा भरवशाची. त्यापुढे दोन ते चार मिनिटं परता. काड्या गडद तपकिरी होतात, आक्रसून बारीक होतात आणि ढवळताना भांड्यावर किंचित खुळखुळतात. तिथे थांबा. आणखी दोन मिनिटांत त्या दातांना न जुमानणाऱ्या होतात.

आता 1 मोठा चमचा शाओशिंग किंवा दुसरी कोणतीही कोरडी तांदळाची वाइन घाला, नसेल तर तेवढंच पाणी. तळाला लागलेलं सुटून येतं. मांस कडेला सारून मधल्या तेलात मिरचीची पेस्ट (दोबानज्यांग, तिच्याबद्दल पुढे), आल्याच्या काड्या आणि लसूण परता, भाज्या मिसळा. शेवटी सोया सॉस 1 छोटा चमचा, साखर अर्धा छोटा चमचा, भाजून कुटलेलं सिचुआन मिरं अर्धा छोटा चमचा आणि भाजक्या तिळाचं तेल 1 छोटा चमचा. मीठ चाखल्याशिवाय घालू नका. मांस आटून जवळजवळ निम्मं झालेलं असतं, त्यामुळे सगळ्या चवी तीव्र लागतात.

तिखट कुठून आणायचं

तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही. म्हणून मिरची आधी तेलात जायला हवी. सॉसमध्ये वरून ढवळलेली मिरची जिभेला नुसती टोचते, पदार्थात मुरत नाही.

रसदारला 6 ते 8 सुक्या लाल मिरच्या, दोन-दोन तुकडे करून बिया झटकलेल्या, पुरतात. मांस काढल्यावर भांडं थोडं निवू द्या आणि मध्यम आचेवर त्या 15-20 सेकंद परता. रंग गडद लाल व्हायला हवा. काळ्या पडल्या तर कडवटपणा पूर्ण पदार्थात उतरतो आणि घरभर ठसका लागतो. त्या टाकून नव्या घ्या. ताज्या हिरव्या मिरच्याही रसदारला छान जातात, पण त्या भाजीसारख्या शेवटच्या मिनिटात.

कोरड्याला दोबानज्यांग हवं. ब्रॉड बीन्स म्हणजे बाकल्याच्या मोठ्या दाण्यांपासून आणि मिरच्यांपासून आंबवून केलेली ही सिचुआनची पेस्ट आहे, तिथल्याच पिशियान भागातली नावाजलेली. दीड मोठा चमचा घ्या आणि तेल लाल होईपर्यंत, 30-40 सेकंद परता. ती बरीच खारट असते, सोया सॉस कमी ठेवला आहे तो म्हणूनच. कोरियन गोचुजांग तिच्या जागी वापरायची असेल तर जपून, तिच्यात गोडवा जास्त असल्याने ती लवकर करपते. गोचुजांग रसदार सॉसमध्ये अधिक शोभते. सिचुआन मिरं तिखट नसतं, ते जीभ बधिर करतं. पहिल्यांदा खाणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

भाज्या

रसदारमध्ये वैविध्य चालतं: सिमला मिरची, ब्रोकोली, गाजर, फरसबी, पातीचा कांदा. ब्रोकोली 45 सेकंद आणि फरसबी दीड मिनिट उकळत्या पाण्यात धरून, निथळून, कोरडी करून घ्या. कच्चीच टाकली तर बाहेरून करपते आणि आतून करकरीत राहते. तिरके पातळ कापलेले गाजर आधी, दोन मिनिटं. सिमला मिरची शेवटी, एक मिनिट. मशरूम घालायचे तर वेगळे परतून, त्यांचं पाणी आटवून मगच.

कोरड्यात गाजर आणि सेलरी या दोनच, मांसाच्या काड्यांएवढ्याच कापून. त्यांना चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्या आणि मिनिटभरच परता. सिमला मिरची किंवा टोमॅटो इथे घातला की बारा मिनिटांची मेहनत पाण्यात जाते. भरपूर भाजी खायची हाच हेतू असेल तर कोरड्याच्या वाटेला जाऊच नका.

भांडं

सपाट बुडाचा, 32 ते 35 सेंटिमीटरचा कार्बन स्टीलचा वोक दोन्हींना चालतो. इंडक्शनवर गोल बुड जवळजवळ निरुपयोगी. बिडाचा जाड, पसरट पॅन उष्णता साठवून ठेवतो, त्यामुळे कमी आचेवर रसदार करायचंच असेल तर तो वोकपेक्षा सरस ठरतो. चार-पाच मिनिटं आधी तापवा. नॉनस्टिकचा लेप साधारण 260 अंशांपुढे बिघडू लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर तिथवर लवकर पोचतो, म्हणून रसदारच्या कडकडीत आचेसाठी तो बाद. कोरडं त्यात जमतं, कारण तिथे आच मध्यम आणि पॅनमध्ये सतत काहीतरी असतं.

उरलं तर

रसदार ताटात आलं की खाऊन संपवावं. अर्ध्या तासात भाज्या पाणी सोडतात आणि सॉस पातळ होतो. दुसऱ्या दिवशी गरम केलं की मांसही घट्ट होतं. भातावर ताजं वाढायचं असेल तर मात्र त्याला तोड नाही. कोरडं डब्यात चांगलं टिकतं, आणि नूडल्सवर गार असतानाही चवीला उतरत नाही. दोन्ही शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. कोरडं पुन्हा गरम करताना तेल घालू नका. आधीचंच सुटतं.