फुललेली रोपं बघून घेतली, तिथेच फसलो

सफरचंदाची बारा कलमं घेतली होती. विकणाऱ्याच्या अंगणात ती कुंड्यांतून ओळीनं मांडलेली होती, काही फुलावर आलेली, काहींना नुकती पोपटी फूट. आमच्याकडे हिवाळा बेताचाच असतो, हे मी त्याला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, ही ॲना आहे. कमी थंडीची जात. बघा ना, इथंच फुललीय." समोर फूल दिसत असताना मी आणखी काय विचारणार?

ॲना ही जात खरी आहे. इस्रायलमध्ये तयार झालेली, साधारण २०० ते ३०० तासांच्या थंडीवर भागवणारी. थंड मुलखातल्या कित्येक जुन्या जातींना ८०० ते १,००० तास लागतात, काहींना त्याहूनही जास्त. तास म्हणजे हिवाळ्यात ढोबळमानाने ० ते ७ अंश सेल्सिअसमध्ये गेलेले तास, ते भरल्याशिवाय सफरचंद वसंतात नीट फुटत नाही. एवढं मी वाचलेलं होतं. नाव ओळखीचं निघालं, आणि त्यामुळेच शंका आली नाही.

लावल्यावर पहिल्या वसंतात बारापैकी बारा झाडं झडझडून फुटली. मी इतका खूश की ओळखीच्या दोघांना त्याच्याकडे धाडलं. (त्यांची माफी मागून झाली आहे.)

दुसऱ्या वर्षी गंमत संपली. पानं गळायलाच उशीर झाला. वसंत आला नि उलटून गेला तरी फांद्यांवरचे डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, मिटलेलेच. बऱ्याच उशिरा शेंड्याला पानांचा एकेक झुपका आला, त्याखाली हातभर फांदी उघडीबोडकी. दोनचार फुलं आली तीही आठवड्याआठवड्याच्या अंतरानं. थंडी कमी पडल्याची ही अगदी ठरलेली खूण, पण तेव्हा मी पाण्याला नि खताला दोष देत बसलो.

फोन केला तर म्हणाला, "झाड लहान आहे, थांबा." पुढच्या हिवाळ्यात म्हणाला, "मुळाशी बर्फ टाका." मी टाकलाही! थंडी मोजतो तो डोळा, मूळ नव्हे. कोव्हिल नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२०च्या सुमारास हे ब्लूबेरीवर दाखवलं होतं. झाड उबदार काचघरात, फक्त एक फांदी बाहेर थंडीत. वसंतात तीच फांदी फुटली, आतलं बाकीचं झाड निजलेलंच राहिलं. मुळं तर दोघांची एकच.

मग त्यानं 'डोळे जागवायचं औषध' म्हणून एक बाटली विकली. तिच्यावर ना नाव, ना प्रमाण, ना तारीख. हायड्रोजन सायनामाइडसारखी औषधं बागांत वापरतात हे खरं, पण ती थोडी कमी पडलेली थंडी भरून काढतात, अख्खा हिवाळा नव्हे. वेळ चुकली तर डोळे जळतात. शिवाय ते जबर विषारी, आणि फवारणीच्या आगेमागे दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझ्या बाटलीत काय होतं देव जाणे. तीन झाडांचे डोळे काळे पडले, तेव्हा मी हात आवरला.

लबाडी उघडी पडली ती एका मित्रामुळे. त्याची ॲना माझ्या बागेपासून हाकेच्या अंतरावर, हिवाळा तोच, आणि ती दरवर्षी वेळेवर फुटते. त्याच्याकडे तापमान नोंदणारं यंत्र आहे. त्या हिवाळ्यात ७ अंशांखालचे तास भरले २८०. त्यातही दुपारच्या उन्हानं काही वजा होतात, थंडी मोजायची १९७४ची पद्धत, युटा मॉडेल, तसंच मोजते. हिवाळा सरता सरता दोघांच्या झाडांच्या वीतभर फांद्या कापून उबदार खोलीत पाण्यात उभ्या केल्या. त्याच्या दहा दिवसांत फुटल्या. माझ्या दोन आठवड्यांनीही ढिम्म. मग माझ्या झाडांच्या ताज्या फांद्या ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या (पिकलेली फळं बाहेर काढून, त्यांच्या वायूनं डोळे बिघडतात) आणि चार आठवड्यांनी, म्हणजे आणखी ६७२ तासांनी, बाहेर काढल्या. आठवड्याभरात फुटल्या. २८० अधिक ६७२. ही कसली ॲना!

मग अंगणात फुललेली होती ती कशी? शीतगृहातून आणलेली. तिथं थंडीचा कोटा पुरा करून घेतलेलं कुठलंही रोप उबेत आणलं की फुटतंच. माझी पहिल्या वसंतातली फूटही तीच उधारीची. हा हिशोब दरवर्षी शून्यापासून सुरू होतो, गेल्या वर्षीची थंडी झाडाच्या खाती जमा राहत नाही. त्यानं फुटलेले डोळे दाखवून माझ्या डोळ्यांत धूळ फेकली. झाड बघा किती सावध, भर हिवाळ्यात दोन दिवस ऊब आली म्हणून डोळा उघडत नाही, आधी थंडीचे तास मोजून घेतं. मी एक फूल बघून भुललो.

तक्रार करायला गेलो तर पावतीवर लिहिलेलं: 'सफरचंद कलमे, नग १२'. जातीचं नावच नाही. ते तोंडी होतं, आणि तोंडीच राहिलं. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. ॲनाला चांगलं फळ धरायला सोबत दुसरी जात लागते, बहुधा डॉर्सेट गोल्डन लावतात. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गरज नाही, एकटीच भरपूर धरते." रोपं घ्यायची असतील तर कुंडीतलं फूल बघू नका. तुमच्यासारख्याच हवेत, जमिनीत तीन हिवाळे काढलेलं त्याच जातीचं झाड दाखव म्हणा, आणि जातीचं नाव पावतीवर लिहून घ्या.

आता मित्राच्या झाडाच्या काड्या आणून माझ्या खोडांवर कलमं बांधली आहेत. बारापैकी आठ धरली. डॉर्सेट गोल्डनची काडी अजून शोधतो आहे.