कॅफे खुर्ची, आरामखुर्ची की चंदीगड चेअर? घरासाठी जुनी लाकडी खुर्ची घेताना

जुनी लाकडी खुर्ची घ्यायचीये म्हटलं की फिरून फिरून गाडी या तिघींवरच येते. इराणी कॅफेतली वाकवलेल्या लाकडाची हलकी खुर्ची, ओटीवरची लांब हातांची आरामखुर्ची, आणि हल्ली इन्स्टावर सगळीकडे दिसणारी उलट्या व्ही पायांची चंदीगड चेअर. तिन्ही देखण्या आणि बहुतेक वेळा तिन्हींना वेत, पण घरात आल्यावर तिन्हींची तऱ्हा इतकी वेगळी की नुसत्या फोटोवरून ठरवलं तर पस्तावायची वेळ येते. माझ्या मते खुर्ची किती जुनी हा पहिला प्रश्न नाहीच. तिच्यावर कोण बसणार, किती वेळ बसणार, आणि ती मोडली तर आपल्या गावात नीट कोण करून देणार, हे आधी बघा.

डायनिंग टेबलासाठी हवी असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही, कॅफे खुर्ची घ्या. मिखाएल थोनेटने 1859 मध्ये व्हिएन्नात 14 नंबरचं मॉडेल काढलं, बीच या युरोपातल्या झाडाच्या लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करायच्या आणि साच्यात वाकवायच्या, आणि सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट एवढ्यात अख्खी खुर्ची उभी. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावायच्या, म्हणून तर ती बोटीत बसून जगभर गेली आणि तिच्याच घराण्यातल्या खुर्च्या आपल्या इराण्यांकडेही आल्या. एका हाताने उचलता येते, झाडू मारताना सरकवता येते, छोट्या फ्लॅटमध्ये नजरेला अडत नाही. घ्यायच्या आधी मुंबईत क्यानी या इराणी कॅफेत (1904 पासूनचं आहे) जाऊन अशा खुर्चीवर निवांत चहा-ब्रून मस्का खा, पाठीला चालतेय का ते तिथेच कळेल, कारण पाठीला फक्त ती कमान असते, दोन तास लॅपटॉप घेऊन बसायला ही खुर्ची नाही.

ही खुर्ची बघायची ती उलटी करून. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान हे एकच लांब लाकूड असतं, जिथे ते वाकलंय तिथे बाहेरच्या बाजूने नख फिरवा, नख अडकलं म्हणजे लाकूड तडकलंय, ती खुर्ची सोडून द्या, कारण तो भाग परत वाकवून देणारा सुतार तुम्हाला सहज मिळणार नाही. नुसती डुगडुगत असेल तर मात्र घाबरू नका. स्क्रूचं भोक मोठं झालेलं असतं, सुतार त्यात लाकडाची गुळी फेविकॉल लावून ठोकतो आणि नवीन भोक पाडतो, काम झालं. बैठकीच्या गोल कड्याच्या आत कधीकधी थोनेट, कोन, मुंडुस अशा जुन्या कंपन्यांचा शिक्का किंवा जुना कागद चिकटलेला सापडतो, त्याने किंमत वाढते, बसायला काही फरक पडत नाही, त्यामुळे रोज वापरायला घेत असाल तर शिक्क्याचे जास्तीचे पैसे देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आरामखुर्ची ही मनापासून आवडणारी गोष्ट आहे, मला तर फारच, पण सगळ्यात जास्त चुकीच्या घरात जाते ती हीच. चहा-कॉफीच्या मळ्यांवरचे साहेब दिवसभर फिरून आले की हाताखालची फळी बाहेर फिरवून त्यावर पाय टाकायचे, म्हणून हिचं नाव प्लांटर्स चेअर, गोव्यात वोल्तेर म्हणतात. हात उघडले की पाच फुटांच्या आसपास जागा खाते आणि समोरून कुणाला जाता येत नाही. बैठक खोल आणि खाली असते. लोक हौसेने आजी-आजोबांसाठी घेतात आणि नेमकं त्यांनाच गुडघ्यांमुळे त्यातून उठता येत नाही! ज्यांच्यासाठी घेताय त्यांना दुकानात घेऊन जा, बसवा, आणि कुणाचा हात न धरता उठता येतंय का बघा. मोठी गॅलरी, गावाकडची पडवी, व्हरांडा असेल तर मात्र जरूर घ्या, दुपारच्या झोपेला तिच्यासारखी जागा नाही. वन बीएचकेत हौस असेल तर कापडी झोळीची घडीची आरामखुर्ची बघा, ती भिंतीला टेकवून ठेवता येते आणि कापड फाटलं तर नवीन जाड कापड कुठलाही टेलर शिवून देतो. लांब हातांच्या खुर्चीत तपासायचं ते हात आणि पुढचा पाय जिथे जुळतात तो सांधा, पायांचा सगळा भार तिथेच येतो, आणि फळी फिरते तो बोल्ट. फळी पूर्ण उघडून वरून जोर द्या, खाली झुकली तर दुरुस्ती धरूनच भाव करा.

आता चंदीगड. पियेर जानरे, म्हणजे चंदीगडचा आराखडा करणाऱ्या वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएचा चुलत भाऊ, 1950 च्या दशकात नवं शहर उभं राहत असताना तिथे राहिला आणि सरकारी ऑफिसं, विद्यापीठ, कोर्ट यांच्यासाठी त्याने आणि त्याच्या टीमने सागवान आणि वेतात साधं, दणकट फर्निचर केलं. पुढे तेच भंगार म्हणून गच्चीवर पडलं, लिलावात गेलं, परदेशी डीलर्सनी उचललं, आणि आता युरोप-अमेरिकेतल्या लिलावात त्याला प्रचंड भाव मिळतो, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. 2011 मध्ये केंद्राच्या गृहखात्याने या वस्तू वारसा म्हणून जपायचे आदेश काढले. त्यामुळे कुणी 'ओरिजिनल आहे, पाठीवर खात्याचा नंबर रंगवलेला आहे' म्हणून दाखवत असेल तर दोन शक्यता, एकतर नंबर परवा रंगवलाय किंवा वस्तू कुठून आली ते विचारायलाच हवं. लिलावाचे किंवा खरेदीचे कागद नसतील तर हात लावू नका. नवीन बनवलेली, आणि नवीन म्हणूनच विकलेली प्रत घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही, मुंबईत ओशिवऱ्यात आणि जोधपूरच्या कारखान्यांत भरपूर बनतात, फक्त सागवानच आहे ना ते बघा. हात रुंद, पाठ जरा मागे झुकलेली, हॉलमध्ये गप्पा मारायला किंवा वाचायला तिघींत हीच सगळ्यात आरामशीर, पण जड आणि रुंद, टेबलाभोवती सहा ठेवायच्या म्हटलं तर मोठंच टेबल लागेल.

वेताचं आधी समजून घ्या, कारण खर्च तिथेच येतो. कडेने ओळीने भोकं दिसली तर हाताने विणलेली जाळी, आणि भोकांऐवजी खाचेत पट्टी ठोकलेली दिसली तर तयार जाळीचा तुकडा बसवलेला. हाताच्या विणीला वेळ आणि पैसे जास्त, पण टिकतेही छान, आणि अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या काही संस्थांमध्ये हे काम अप्रतिम होतं, आधी तिथे चौकशी करा. प्लास्टिकची जाळी चकचकीत दिसते, आपल्या उन्हाळ्यात घाम येतो, मी तरी ती काढून टाकायचा खर्च भावातून वजा करेन. जाळी नुसती सैल झाली असेल तर खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून सावलीत वाळू द्या, बऱ्यापैकी ताणली जाते. आणि पंखा पुसायला वेताच्या बैठकीवर उभं राहू नका, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

लाकडात साग सगळ्यात निर्धास्त, त्याच्या नैसर्गिक तेलामुळे कीड सहसा लागत नाही, पण हे गाभ्याच्या लाकडाला लागू, कडेचा पिवळट भाग असेल तर तो पोखरला जातो. शिसवी जड, गडद, आत जांभळट रेघा, आणि विकताना साध्या लाकडाला काळं पॉलिश मारून शिसवी म्हणतात, म्हणून बैठकीखाली जिथे पॉलिश पोचलेलं नाही तिथे रंग बघा आणि एकदा उचलून वजन बघा. बीचला भुंगा लवकर लागतो. टाचणीएवढी भोकं दिसली म्हणून लगेच नाही म्हणू नका, जुनी भोकं आतून काळपट असतात, ताज्या भोकातून फिकट भुसा पडतो. शंका असेल तर घरात बाकीच्या फर्निचरपासून लांब, काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. उन्हाळा-पावसाळ्यात कागदावर पावडर दिसली तर कीड जिवंत आहे.

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट (तिथली नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद), ओशिवरा, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, या जागा आहेतच. पॉलिश केलेली खुर्ची घेण्यापेक्षा न केलेली मागा, पॉलिश आणि पुट्टीखाली काय काय झाकता येतं त्याला मर्यादा नाही. दुकानदार प्रत्येक वस्तू शंभर वर्षांची सांगतो. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात आले, तेच सगळीकडे मूळचे वाटत असतील तर खुर्ची तेवढी जुनी नाही. आणि खरंच शंभरी ओलांडलेली ऐतिहासिक मोलाची वस्तू असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या मुलांकडे पाठवायचा विचार असेल तर त्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

घरी आणल्यावर लगेच पीयू किंवा मेलामाइन (हल्लीची केमिकल पॉलिशं) मारू नका. जुन्या खुर्चीवर बहुतेक वेळा लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा लावा, चिकट झालं तर लाखच आहे, आणि ते खरवडून काढायची गरज नसते, त्यावरच नवीन हात देता येतो. फक्त पावसाळ्यात देऊ नका, हवेतल्या दमटपणाने पांढुरकी झाक येते. मिस्त्रीला दसरा-दिवाळीच्या सुमाराला बोलवा.