टिळकवाडीतला स्पॅनिशचा वर्ग: जरूर जा
मुलीसाठी हा संध्याकाळचा वर्ग शोधला आणि तिच्याबरोबर मीही बसू लागले. व्याकरण ठीक शिकवतात. पण भेटीगाठींचे रिवाज मॅडम समोर उभं करून करवून घेतात, ते लाखमोलाचं! स्पेनमध्ये बायका भेटल्या की दोन्ही गालांना गाल, अर्जेंटिनात एकाच. तिथे पुरुष मित्रही तसेच भेटतात. मेक्सिकोत हॉटेलातून निघताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी जेवणाऱ्यांनाही ‘बुएन प्रोवेचो’ (जेवण छान होऊ दे) म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटात तर घरच्यांनाही आदरार्थी ‘उस्तेद’ (तुम्ही) चालतं. आमच्या शहापुरात वडिलांना अहो-जाहो करणारी घरं अजून आहेत, त्यामुळे मुलीला हे लगेच पटलं. एका तुकडीत मुलं मात्र फार, बोलायची पाळी उशिरा येते. फी थोडी वाढवा, पण तुकड्या लहान करा.