ईआरपीनेक्स्ट आणि फ्रॅपे: सहा वर्षं कस्टमायझेशन केल्यावरचं मत

प्रोग्रामिंगकडे वळण्याआधी मी हिशेब खात्यात काम करायचे. त्यामुळे नवी ईआरपी (कंपनीचा हिशेब, साठा, विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) समोर आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: पक्की झालेली नोंद मागून बदलता येते का? ईआरपीनेक्स्ट आणि ते ज्यावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क मी सहा वर्षं रोज वापरते आहे. या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर मला मनापासून पटतं. बिल सबमिट, म्हणजे पक्कं, केलं की खतावणीच्या वेगळ्या टेबलमध्ये नोंदी पडतात. बिल कॅन्सल केलं तरी त्या पुसल्या जात नाहीत, त्यांच्यासमोर उलट नोंदी पडतात. कोडला हात लावण्याआधी हे नीट समजून घ्यावं.

मी घेतलं नव्हतं. सबमिट झालेल्या काही बिलांवर चुकीचं कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाच्या नावे पडतो तो विभाग) पडलं होतं. कॅन्सल करून अमेंड करण्याचा, म्हणजे दुरुस्त प्रत नव्याने पक्की करण्याचा, कंटाळा आला, म्हणून मी कन्सोलवरून ‘डीबी सेट व्हॅल्यू’ हे थेट डेटाबेसमध्ये लिहिणारं फंक्शन चालवलं. बिल उघडलं की सगळं बरोबर दिसत होतं. महिनाअखेरीला कॉस्ट सेंटरनुसार नफा-तोटा काढला, तर खर्च जुन्याच सेंटरवर बसलेला. हे फंक्शन फक्त त्या टेबलमधलं फील्ड बदलतं; ना व्हॅलिडेट (सेव्ह करतानाच्या तपासण्या) चालतं, ना खतावणीच्या नोंदी नव्याने पडतात. दोन दिवस बसून एकेक बिल कॅन्सल-अमेंड केलं. आता हिशेबाशी किंवा साठ्याशी संबंध असलेल्या कुठल्याही फील्डसाठी मी डॉक्युमेंट लोड करून सेव्हच करते, मग ते कितीही हळू चालो.

या सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे मूळ कोडला धक्का न लावता बरंच काही करता येतं. एका कंपनीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधीच्या मंडळींनी सेल्स इनव्हॉइसच्या मूळ फाईलमध्येच ओळी घुसवल्या होत्या. अपडेट करायला गेलं की गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) अडायचं, म्हणून अपडेटच बंद होते. मी एक वेगळं अ‍ॅप बनवलं आणि त्या ओळी हुक्समधून (आपला कोड फ्रॅपेला जोडण्याच्या जागा) डॉक इव्हेंटवर, म्हणजे डॉक्युमेंट सेव्ह किंवा सबमिट होताना चालणाऱ्या कोडमध्ये, नेल्या. काही बदलांना तर कोडच नको होता. डिलिव्हरी नोट सबमिट झाल्यावर माल उतरवून घेणाऱ्याचं नाव भरता यावं, एवढीच एक मागणी होती. एक कस्टम फील्ड जोडलं, ‘अलाउ ऑन सबमिट’वर टिक केली, काम संपलं. मूळच्या फील्डला मात्र कस्टमाइझ फॉर्ममधून ही सवलत मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

पूर्ण क्लास ओव्हरराइड करण्याची, म्हणजे डॉक्युमेंटच्या मूळ कोडच्या जागी आपला कोड बसवण्याची, सोयही आहे, पण ती मी शेवटी वापरते. एकाच डॉकटाइपवर (बिल, ऑर्डर असा डॉक्युमेंटचा प्रकार) दोन अ‍ॅप्सनी हा हुक लावला तर शेवटचंच लागू होतं, पहिलं गुपचूप बाजूला पडतं. डॉक इव्हेंट सगळ्या अ‍ॅप्सचे चालतात. ओव्हरराइड करावंच लागलं तर आपल्या व्हॅलिडेटमधून मूळ क्लासचं व्हॅलिडेट बोलवायला विसरू नका, नाहीतर मूळच्या सगळ्या तपासण्या गळून पडतात.

नवीन मुलांच्या कोडमध्ये मला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे नियम क्लायंट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये, लिहिणं. स्क्रीनवर मेसेज छान येतो. मग कोणीतरी डेटा इम्पोर्टने हजार ओळी चढवतं, किंवा बाहेरचं सॉफ्टवेअर एपीआयने ऑर्डर पाठवतं, आणि नियम मोडलेल्या नोंदी आत येतात, कारण तिथे ब्राउझरच नसतो. नियम सर्व्हरवर हवा. क्लायंट स्क्रिप्ट फक्त माणसाची सोय करण्यासाठी. सर्व्हर स्क्रिप्ट (साइटवरूनच लिहिता येणारा, सर्व्हरवर चालणारा कोड) लिहिणार असाल तर आवृत्ती 15 पासून ती मुळात बंद असते, बेंचच्या (फ्रॅपेच्या साइट्स सांभाळणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिगमधून चालू करावी लागते, आणि तिच्यात हवी ती पायथन लायब्ररी इम्पोर्ट करता येत नाही. मी ती छोट्या कामांपुरतीच ठेवते; बाकी सगळं अ‍ॅपमध्ये, गिटखाली.

रिपोर्ट लिहिताना ‘गेट ऑल’ आणि ‘गेट लिस्ट’ या नोंदींची यादी आणणाऱ्या दोन फंक्शनांतला फरक लक्षात ठेवा. पहिलं युझरच्या परवानग्या बघत नाही, दुसरं बघतं. पगाराची माहिती भलत्याच माणसाला दिसायला एवढी एक ओळ पुरते. आणि लूपच्या आत ‘गेट डॉक’ नको. आयटमच्या दोन फील्डसाठी प्रत्येक ओळीला अख्खं डॉक्युमेंट, त्याच्या चाइल्ड टेबलांसह (आतल्या ओळींच्या टेबलांसह), लोड होतं. दोन टेबलं जोडणाऱ्या एका जॉइनने तेच काम होतं.

फिक्स्चर ही मला फार आवडलेली सोय: कस्टम फील्ड अ‍ॅपमध्ये जेसन फाईल म्हणून साठवायचे आणि मायग्रेट (साइटचा डेटाबेस नव्या कोडशी जुळवणं) करताना ते नव्या साइटवर आपोआप बनतात. फक्त फिल्टर लावून एक्स्पोर्ट करा. नाहीतर साइटवरचे सगळे कस्टम फील्ड, दुसऱ्या अ‍ॅपचेसुद्धा, तुमच्या अ‍ॅपमध्ये येऊन बसतात. शिवाय प्रत्येक मायग्रेटला फिक्स्चर पुन्हा लागू होतात, म्हणून कोणी लाइव्ह साइटवर त्यातल्याच एखाद्या फील्डचं लेबल बदललं असेल तर तो बदल जातो. हे हिशेब खात्यातल्या लोकांना आधीच सांगून ठेवावं. ते न सांगितल्यामुळे त्यांची झालेली चिडचिड मी पाहिली आहे आणि ती रास्त होती.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो ओव्हरराइड गुपचूप बाजूला पडण्याबद्दल; निदान मायग्रेटच्या वेळी एक सूचना यायला हवी. अपडेटच्या आधी मी ताजा बॅकअप वेगळ्या साइटवर रिस्टोअर करते आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता) छापून ठेवते. मायग्रेट झाल्यावर तो पुन्हा काढून ओळीला ओळ लावून बघते. मग प्रत्येक प्रकारचं एक डॉक्युमेंट सबमिट करून कॅन्सल करते आणि ट्रायल बॅलन्स तिसऱ्यांदा काढते. एका पैशाचाही फरक दिसला तर त्या दिवशी लाइव्ह साइट अपडेट करत नाही.